बदामाच्या पानातले कोनाडे

गेल्या वर्षी रमजानला आठवडा उरला होता, तेव्हा अंधेरीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात एक कागद चिकटवलेला दिसला. गेटजवळच्या बदामाच्या झाडावर मुंग्या फार झाल्या आहेत, रविवारी औषध फवारले जाईल, फांद्याही छाटल्या जातील, सभासदांनी खिडक्या बंद ठेवाव्यात, असा मजकूर होता. खाली वॉचमनच्या टेबलावर सह्यांचे रजिस्टर ठेवले होते. पहिल्या मजल्यावरच्या खालांच्या स्वयंपाकघरात मुंग्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. साखरेचा डबा झाला, सरबताची बाटली झाली, आता खजुराच्या खोक्यापर्यंत त्यांची रांग पोहोचली होती. खालांची खिडकी आणि बदामाची फांदी यांत हातभर अंतर. चोर समोरच उभा आहे असे सगळ्यांना वाटले. आम्हीही वाचले आणि सही करून शाळेला निघालो.

आमची शाळा घाटकोपरला आहे. शिकवायचे विषय उर्दू आणि मराठी. त्या आठवड्यात आठवीला सूचनालेखन चालू होते, आणि ताजा नमुना म्हणून आम्ही जिन्यातली ती सूचनाच फळ्यावर लिहिली. मुलांनी तिच्यातल्या चुका काढल्या, तारीख कुठे लिहावी ते सांगितले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, मुंग्या झाडावर कशाला जातात? तिथे साखर ठेवलीय का कुणी?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि फुले असतील, रस असेल, असे काहीतरी सांगून पुढे गेलो. पण फेब्रुवारीत बदामाला फुले कुठली? तेव्हा जुनी पाने लाल होऊन गळत असतात आणि फांदीच्या टोकाला कोवळ्या पानांचे तुरे फुटत असतात. मुलीचे वडील दागिन्यांच्या कारागिरीचे काम करतात. दुसऱ्या दिवशी ती त्यांचे डोळ्याला लावायचे भिंग रुमालात गुंडाळून घेऊन आली. सोबत शाळेच्या गल्लीतल्या बदामाची चार पानेही होती. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षकांच्या खोलीतल्या खिडकीशी उभे राहिलो आणि आधी तिने, मग आम्ही पाहिले.

आपल्या उपनगरांत हे झाड गल्लोगल्ली आहे. देशी बदाम म्हणतात त्याला, मुले त्याचा तांबूस गर खातात आणि बी दगडाने फोडतात. वाचकांपैकी कुणाला करून पाहायचे असेल तर एक कोवळे पान घ्यावे. देठाजवळ, पान जिथे सुरू होते तिथे, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीकशी ग्रंथी असते. नुसत्या डोळ्यांना तो टाचणीच्या टोकाएवढा ठिपका वाटतो. भिंगाखाली कोवळ्या पानावर त्या ठिपक्याशी ओलसर चकाकी दिसली. साखरेचा डबा हाच होता, आणि झाडाने तो स्वतः उघडून ठेवला होता.

फुलात मध असतो हे आपण पहिलीपासून शिकवतो. फुलाबाहेरही मध असतो हे निदान आम्हाला कुणी शिकवले नव्हते. पानाच्या देठावर, पात्याच्या कडेला, कळीच्या बुडाशी असे गोड पाझर असणाऱ्या सुमारे ४ हजार वनस्पतींची नोंद आजवर झाली आहे, आणि त्यांतल्या कितीतरी आपल्या दारात आहेत. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो त्या टाकळ्याच्या खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये दांडीसारखी छोटी ग्रंथी असते. एरंडाच्या देठावर बोंडुकल्यासारख्या ग्रंथी असतात. खाडीकाठच्या भेंडीच्या झाडाच्या पानाला मागच्या बाजूने, मधल्या शिरेवर एक फट असते. रस्त्यावर सावली धरणाऱ्या रेन ट्रीच्या पर्णिकांमध्ये, कुंपणावरच्या कृष्णकमळाच्या देठावर, घोसाळ्याच्या वेलावर, चवळीच्या शेंगांच्या दांडीवर, सगळीकडे हाच प्रकार. घोसाळ्याच्या वेलावर मुंग्या का येतात याचा अभ्यास बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला आहे.

आता झाड मुंग्यांना फुकट का खाऊ घालते? झाडाला पळता येत नाही. सुरवंट आला, भुंगा आला, तर ते जागेवरच उभे. कोवळे पान तर फारच असहाय, ना जाड साल ना कडवटपणा. अशा वेळी पानावर दोन-चार मुंग्या सतत फिरत असल्या तर अंडी घालायला आलेला किडा बिचकतो, लहान अळी उचलली जाते. पान जून झाले की पाझरही बहुधा आटतो. पहारेकऱ्याला पगार असतो तो पहाऱ्याची गरज असेपर्यंत.

इथवर आमचा समज साधा होता. पण त्या मुलीने पान उलटे केले आणि म्हणाली, "टीचर, इथे खड्डे आहेत, आणि खड्ड्यात कुणीतरी राहतंय."

मधल्या शिरेतून आडव्या शिरा जिथे फुटतात त्या बेचक्यात बारीक खळगे होते. सगळ्या बेचक्यांत नव्हते, आणि चारांपैकी एका पानात तर शोधूनही नीट दिसले नाहीत. पण ज्या पानात होते त्यात ते एखाद्याने कोरल्यासारखे नेमके शिरेच्या कुशीत होते. त्यातल्या एकातून फिकट, थेंबासारखे काहीतरी बाहेर आले, शिरेच्या काठाने झपाट्याने धावले आणि पुढच्या बेचक्यात गडप झाले.

तो कोळ्यांच्या जातीतला, आठ पायांचा जीव होता. शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात आणि ज्याच्या नावाने कपाळावर हात मारतात, तो पानाचा रस शोषणारा कोळी वेगळा. हा त्याचा भाऊबंद, पण शिकारी. रसशोषक कोळ्यांची अंडी-पिल्ले खाणारा. त्याच्याच आगेमागे आणखी एक जात असते, ती पानावर उगवणारी बुरशी चरते. अर्ध्या मिलिमीटरहून लहान जीव. त्याला ऊन सोसत नाही, कोरडी हवा सोसत नाही, आणि त्याच्यावर टपलेले मोठे किडे असतातच. उघड्या गुळगुळीत पानावर तो टिकणे कठीण. झाडाने त्याला खोली दिली आहे.

शिरेच्या बेचक्यातल्या या जागांना एक नाव हवे म्हणून स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ ॲक्सेल लुंडस्ट्रॉम यांनी १८८७ मध्ये ग्रीक भाषेतून 'डोमेशिया' हा शब्द घेतला. अर्थ घरे, घरकुले. वर्गात आम्ही मुलांना आपला शब्द सुचवायला सांगितले. कुणी घरौंदा म्हणाले, कुणी खोली, एकाने तर 'वन आरके' म्हटले. आम्हाला उर्दूतला 'ताक' आठवला. भिंतीतली दिवा ठेवायची जागा, नेमकी तीच. पण मराठीच्या तासाला ताक म्हटले की सगळ्यांना मठ्ठाच आठवणार. शेवटी 'कोनाडा' ठरला, आणि या लेखात आम्ही तोच वापरतो.

कोळ्यांसाठी असे कोनाडे करणाऱ्या वनस्पती २ हजारांहून अधिक आहेत. काहींत खळगा असतो, काहींत केसांचा झुपका, काहींत वर पातळ पापुद्र्याचे छप्परही. मंडईतली ढोबळी मिरची घ्या. तिच्या झाडाच्या पानामागे शिरांच्या बेचक्यात केसांचे झुपके असतात. कॉफीच्या पानात खळगे असतात आणि ही कॉफी आपल्या राज्यात अमरावतीच्या चिखलदऱ्यातही पिकते. द्राक्षाच्या पानालाही मागे असे झुपके असतात.

द्राक्षाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण नाशिककडे ज्यांचे नातलग आहेत त्यांना भुरी म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. पानावर, मण्यांवर पांढरी पूड धरल्यासारखी बुरशी येते आणि वर्षाचे पीक हातचे जाते. अमेरिकेत रानटी द्राक्षाच्या एका जातीच्या पानात मोठे कोनाडे असतात आणि त्यात बुरशी चरणारे कोळी राहतात. तिथल्या संशोधकांनी काही पानांतले कोनाडे बुजवून टाकले आणि काहींतले तसेच ठेवले. कोनाडे बुजवलेल्या पानांवर कोळी कमी झाले आणि भुरी वाढली. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९९७ मध्ये अनुराग अग्रवाल आणि रिचर्ड कार्बन यांनी उलटा प्रयोग केला होता. कपाशीच्या पानांवर, शिरांच्या बेचक्यात, त्यांनी कापसाचेच तंतू चिकटवून कृत्रिम झुपके बसवले. शिकारी किडे तिथे राहायला आले, पान शोषणारे कोळी घटले आणि त्या झाडांना बोंडे जास्त धरली. एका झाडाची खोली बंद करून पाहिली, दुसऱ्याला बांधून दिली. दोन्हीकडून उत्तर एकच आले.

मुलांना हे ऐकून जो प्रश्न पडला तो आम्हालाही पडला होता. कोनाडा कोळी खणतो की झाड बांधते? प्रश्न रास्त आहे, कारण आपल्या रस्त्यांवर दुसऱ्या प्रकारची घरेही भरपूर दिसतात. सातवीण, जिला सप्तपर्णी म्हणतात, तिची पाने पाहिली तर हिरव्या फोडांनी भरलेली असतात. प्रत्येक फोडात एका रसशोषक कीटकाचे पिल्लू असते. ती गाठ पानाच्याच मांसाची, पण किडा आला म्हणून तयार झालेली. किडा नसेल तर गाठ नाही. ती घुसखोराने मालकाकडूनच बांधून घेतलेली खोली, आणि भाडे शून्य.

कोनाडा तसा नाही. बियाणे बंद खोलीत रुजवले, एकही कोळी जवळ येऊ दिला नाही, तरी पान मोठे होताना शिरेच्या बेचक्यात खळगा किंवा झुपका येतोच. भाडेकरू येण्याआधी खोली तयार असते. पान अजून घडीत असतानाच त्या ठिकाणच्या पेशींना वेगळे वागायचा हुकूम मिळतो. इतर ठिकाणी विरळ असणारे केस इथे दाटीने उगवतात, किंवा पानाचा तळ आत दबतो. मिशिगनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये रानटी द्राक्षात कोणत्या जनुकांचा यात हात आहे ते तपासले, तेव्हा केस उगवण्याशी संबंधित जनुके तर सापडलीच, शिवाय पानाची शीर कुठे फुटावी आणि किडीने चावल्यावर झाडाने कसे सावध व्हावे हे ठरवणारी रसायनेही त्यात गुंतलेली दिसली. म्हणजे झाडाने नवे काहीच आणले नाही. घरात होते ते सामान वेगळ्या कोपऱ्यात मांडले. गरिबाच्या घरातल्या बाईला ही युक्ती कुणी शिकवायला नको.

आणि हे कालचे नाही. अमेरिकेत सापडलेल्या, डायनोसॉरच्या काळातल्या, सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या पानांच्या ठशांतही शिरांच्या बेचक्यात असे कोनाडे दिसले आहेत.

मुंग्यांना मात्र एवढी खोली पुरत नाही. त्यांना कुटुंबकबिल्यासह राहायला पोकळ खोड लागते, पोकळ काटा लागतो. मुलांना तेही पाहायचे होते, म्हणून परीक्षेआधीच्या एका शनिवारी आम्ही दोन सहकाऱ्यांसह त्यांना बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नेले. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल आपल्या उपनगरांच्या कुशीत आहे आणि आपण तिथे वर्षानुवर्षे फक्त मिनी ट्रेनसाठी जातो. तिथे मुंग्यांची घरे सापडली, पण झाडाने दिलेली नव्हे. ओंबील, म्हणजे लाल विणकर मुंग्या, पाने ओढून जवळ आणतात आणि आपल्या अळ्यांच्या रेशमाने शिवतात. तसले हिरवे गोळे वर टांगलेले होते. एका फांदीला तपकिरी, थर दिल्यासारखा, भोपळ्याएवढा गोळा होता. तो पॅगोडा मुंग्यांचा, वनस्पतीचा चोथा चावून केलेला. तांबूस सुतार नावाचा पक्षी अशाच मुंग्यांच्या गोळ्यात भोक पाडून आपली अंडी घालतो. भाडेकरूने बांधलेल्या घरात हा आणखी एक पोटभाडेकरू. मुलांची निराशा झाली नाही, आमची थोडी झाली, कारण पोकळ खोडाचे झाड आम्हाला दाखवता आले नाही.

ते पाहायचे तर सह्याद्रीने दक्षिणेकडे, कर्नाटकातल्या कोडगूपर्यंत जावे लागते. तिथल्या ओल्या जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत, हम्बोल्टिया नावाचे मध्यम उंचीचे झाड आहे, शेंगांच्या कुळातले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या डॉ. रेनी बोर्जेस यांच्या गटाने ते वर्षानुवर्षे अभ्यासले आहे. या बोर्जेसबाईंनी त्याआधी आपल्या भीमाशंकरच्या जंगलात शेकरूवर काम केले होते, म्हणून त्या आम्हाला परक्या वाटत नाहीत. हम्बोल्टियाच्या काही फांद्यांची पेरे फुगलेली आणि आतून पोकळ असतात. पोकळीला एक चीर पडते, तीही आपोआप. मुंगीला दार फोडावे लागत नाही. झाडाच्या पानांवर मधाचे पाझर असतातच. म्हणजे राहणे आणि जेवण दोन्ही.

मजा अशी की एकाच जंगलात काही हम्बोल्टियांना अशी पेरे असतात आणि काहींना मुळीच नसतात. आणि ज्यांना असतात त्यांच्याकडे राहायला येतात ते सगळे सज्जन नसतात. एक पांढऱ्या पायांची मुंगी झाडाचे खरे रक्षण करते. इतर बऱ्याच जाती नुसत्या राहतात, मध पितात आणि पाहुण्यासारख्या बसून असतात. एक जात तर झाडाची फुलेच कुरतडून टाकते. फुले नाहीत म्हणजे बिया नाहीत, म्हणजे त्या झाडाचा वंश तिथेच थांबला. काही पेऱ्यांत मुंग्यांऐवजी छोट्या मधमाश्या राहतात. आणि काहींत, हे वाचून आम्हाला हसू आवरेना, गांडूळ. जमिनीवरचा गांडूळ झाडावर चढून फांदीच्या खोलीत राहतो.

आपल्यापैकी ज्यांनी खोली भाड्याने दिली आहे त्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल. मग झाड अशा आळशी भाडेकरूंना का ठेवते? २०१४ साली याच गटाचा आणखी एक अभ्यास आला. पोकळीत साचणारी विष्ठा, मेलेल्या किड्यांचे तुकडे, कचरा, यातला नायट्रोजन पोकळीच्या भिंतीतून झाडात शिरतो आणि आसपासच्या पानांपर्यंत पोहोचतो, असे त्यांना आढळले. मुंग्यांचाच नव्हे, गांडुळाचाही. पहारा न देणारेसुद्धा घाणीच्या रूपाने भाडे देत होते. अशा सावलीच्या जंगलात वरचेवर धो धो पाऊस पडून माती धुपत असते, तिथे खताचा हा थेंब थेंब कमी नाही.

मुंग्यांना घर देणाऱ्या अशा वनस्पती जगात सुमारे ७०० आहेत. मध्य अमेरिकेतल्या बाभळीच्या पोकळ शिंगांसारख्या काट्यांत राहणाऱ्या मुंग्यांविषयी थॉमस बेल्ट यांनी १८७४ मध्ये निकाराग्वावरच्या आपल्या पुस्तकात लिहिले. पुढे डॅनियल जँझेन यांनी मेक्सिकोत त्या मुंग्या काढून टाकून पाहिले. १९६६ सालच्या त्यांच्या अभ्यासात, मुंग्या गेलेल्या बाभळी किड्यांनी खाल्ल्या आणि आसपासच्या वेलींनी दाबून टाकल्या. केनियात तर याहून चमत्कारिक घडले. तिथली बाभूळ मुंग्या पाळते ती हत्ती-जिराफांसारख्या जनावरांपासून वाचण्यासाठी. संशोधकांनी काही जमिनीला कुंपण घालून दहा वर्षे मोठी जनावरे बाहेर ठेवली. बाभळींनी काय करावे? शत्रू दिसेना, तेव्हा त्यांनी फुगीर काटे कमी केले, मधही कमी केला. रक्षण करणाऱ्या मुंग्या उपाशी पडून मागे हटल्या, त्यांच्या जागी खोडात भुंग्यांना भोके पाडू देणारी दुसरी जात आली, आणि जनावरांपासून सुरक्षित असलेल्या त्या बाभळी कुंपणाबाहेरच्यांपेक्षा जास्त मरू लागल्या. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पगार बंद केला की पहारेकरी जातो, आणि मोकळ्या खोलीत कोण येऊन राहील ते सांगता येत नाही.

हे वाचन अर्थातच पुढच्या महिन्यांतले. त्या फेब्रुवारीत आमच्याकडे फक्त एक भिंग होते, चार पाने होती आणि रजिस्टरमध्ये आमची स्वतःची सही होती. शुक्रवारी संध्याकाळी घाटकोपरहून मेट्रोने परतताना आम्ही भिंग उसने आणले आणि आधी खालांच्या घरी गेलो. खजुराच्या खोक्यावरची मुंगी पाहिली. पिवळसर, तिळाच्या निम्मी. मग खाली येऊन बदामाच्या बुंध्यावरची पाहिली. काळी, चांगली दुप्पट मोठी, आणि बोट जवळ नेले की पोट डोक्यावर उचलून उभी राहणारी. दोन वेगवेगळ्या जाती. आम्ही खालांच्या ओट्यावरच्या रांगेचा माग काढत गेलो. ती खिडकीकडे गेलीच नाही. सिंकखालच्या पाइपाशेजारी लादी आणि भिंत यांत जी फट होती, तिच्यात शिरली.

खाला म्हणाल्या, "म्हणजे झाड बिचारं उगाच बदनाम?"

त्यांच्या सासूबाई पलंगावर तसबीह फिरवत बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच सांगितले की कुरआन शरीफमध्ये मुंगीच्या नावाची आख्खी सूरह आहे, आणि हजरत सुलैमान यांचे लष्कर येताना पाहून सोबतिणींना आपापल्या घरात शिरा असे सांगणारी मुंगी त्यातच आहे. "तिलाही घराचीच काळजी," त्या म्हणाल्या. आम्ही उर्दूच्या तासाला नम्ल या शब्दाचा अर्थ इतक्यांदा सांगितला आहे, पण त्या प्रसंगात घराचा उल्लेख आहे याकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते.

शनिवारी रात्री तरावीहच्या आधी पार्किंगमध्ये कमिटीची बैठक झाली, कारण पहिला रोजा दुसऱ्याच दिवशी होता. आम्ही पाने आणि भिंग दोन्ही घेऊन गेलो. चेअरमनसाहेबांनी भिंग डोळ्याला लावले, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग विचारले, "आणि हे मेले तर?" आम्हाला माहीत होते तेवढे सांगितले. फवारणीचे औषध चांगले-वाईट बघत नाही. झाडावरच्या मुंग्या मरतात, कोनाड्यातले शिकारी कोळीही मरतात. रस शोषणारे मात्र फार लवकर परत वाढतात, कारण त्यांना खाणारे कुणी उरत नाही. शेतात हे वारंवार घडलेले आहे.

एक गोष्ट आम्ही तेव्हाही लपवली नाही आणि इथेही लपवत नाही. झाडावरची प्रत्येक मुंगी पहारेकरी नसते. पिठ्या ढेकूण आणि मावा हे किडे झाडाचा रस पितात आणि गोड चिकटा सोडतात, तो मुंग्यांना फार आवडतो. त्यासाठी मुंग्या त्यांना गाईंसारख्या पाळतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावून लावतात. तेव्हा घरच्या जास्वंदीवर, चवळीवर मुंग्या दिसल्या तर त्या कशाशी थांबतात ते आधी पाहावे. ग्रंथीशी थांबत असतील तर राहू द्याव्यात. कापसासारख्या पांढऱ्या पुंजक्यांशी किंवा काळ्या-हिरव्या माव्याशी थांबत असतील तर तो पुंजका पाण्याच्या धारेने धुवावा. गच्चीतल्या कुंड्यांना एवढे पुष्कळ होते. बदामावर आम्ही दोन संध्याकाळी शोधले, एका फांदीवर थोडे पिठ्या ढेकूण होते, बाकी मुंग्या कोवळ्या पानांच्या देठांशीच होत्या.

छाटणीचा विषय निघाला तेव्हा एका वकील सभासदांनी आठवण करून दिली की १९७५ च्या राज्याच्या वृक्ष कायद्यानुसार महापालिकेची परवानगी घेतल्याशिवाय फांद्यांना हात लावता येत नाही. परवानगीचा अर्ज कुणी केलेलाच नव्हता. हे ऐकून कमिटीला आमच्या कोळ्यांपेक्षा जास्त घाम फुटला असावा.

शेवटी असे ठरले की फवारणी पावसाळ्यानंतर बघू, खालांच्या खिडकीला लागणाऱ्या एका फांदीसाठी रीतसर अर्ज करू, आणि सिंकखालची फट सोसायटीच्या खर्चाने बुजवू. फट दुसऱ्याच दिवशी सफेद सिमेंटने बुजली. खालांच्या खजुरांना त्या रमजानात मुंगी लागली नाही. अर्जाचे उत्तर यायला एप्रिल उजाडला, तोवर पाने जून झाली होती आणि देठांवरची काळी वर्दळ आपसूक कमी झाली होती. पावसाळा गेला, फवारणीची आठवण कुणी काढली नाही. यंदा नवी पालवी आली की ती काढली जाईल असा आमचा अंदाज आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदांना झाडाखाली गाडी उभी करायची असते आणि त्यांच्या तक्रारी मुंग्यांपुरत्या नाहीत.

भिंग आम्ही परत केले. मुलगी आता नववीत आहे. तिच्या वहीत बदाम, ढोबळी मिरची, टाकळा, सातवीण अशी दाबून वाळवलेली पाने आहेत आणि प्रत्येकाखाली 'कोनाडा आहे', 'कोनाडा नाही', 'ही गाठ आहे, घर नव्हे' असे उर्दूत आणि मराठीत लिहिलेले आहे. तिचे शुद्धलेखन अजून सुधारायचे आहे.

फवारणीच्या रजिस्टरमधली आमची सही मात्र तशीच आहे. ती खोडावी म्हणून आम्ही सेक्रेटरींना दोनदा सांगितले. ते म्हणाले, "त्याला ठराव लागेल."